इंटर्नशिपसाठी मुंबईचे चॅनल घ्यावे की गावाकडच्या दैनिकाचे कार्यालय?

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही पुण्यातल्या महाविद्यालयात माध्यम आणि संज्ञापन विषयाच्या तिसऱ्या वर्षाला आहात, घर सोलापूरला आहे आणि सहाव्या सत्रात १२० तासांची इंटर्नशिप पूर्ण करायची आहे. समोर तीन पर्याय आहेत. मुंबईतल्या एका वृत्तवाहिनीचा डिजिटल विभाग तीन महिने या म्हणतो, मात्र विद्यावेतन नाही, आणि राहण्या-खाण्याचा खर्च तुमच्याच हिशेबाने महिन्याला १२ हजारांच्या घरात जातो. सोलापूरच्या एका दैनिकाचे कार्यालय दोन महिन्यांसाठी महिना ४ हजार रुपये द्यायला तयार आहे. तिसरी एक ‘मीडिया एजन्सी’ घरबसल्या इंटर्नशिप आणि प्रमाणपत्र देते, त्यासाठी ती तुमच्याकडूनच साडेतीन हजार रुपये मागते. यातले कोणते नाव पुढे नोकरीच्या वेळी ‘चालेल’, असे तुम्ही विचारले आहे.

मी १४ वर्षे मराठी दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून छपाईसाठी तयार करणाऱ्या विभागात, होते आणि गेली ९ वर्षे एका माध्यम विभागात विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपचे काम पाहते. पूर्वी मुले माझ्या टेबलाशी येत, आता मी त्यांना दुसऱ्यांच्या टेबलाशी पाठवते, त्यामुळे दोन्हीकडच्या तक्रारी मला ठाऊक आहेत.

तिसरा पर्याय आधीच बाजूला ठेवू. काम तुम्ही करायचे आणि पैसेही तुम्हीच द्यायचे, हा व्यवहार प्रमाणपत्र विकत घेण्याचा आहे. मुलाखत घेणारा संपादक त्या कागदाकडे पाहतही नाही. तो विचारतो, ‘काय लिहिलंस ते दाखव.’

उरलेल्या दोन पर्यायांबाबत माझे मत असे, की नाव मोठे की छोटे हा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिला मुद्दा हा, की तुम्ही केलेले काम रोज कोण वाचणार किंवा पाहणार आणि त्यात काय चुकले हे तुम्हाला कोण सांगणार. ज्या ठिकाणी या प्रश्नाला एका माणसाचे नाव घेऊन उत्तर मिळते, ते ठिकाण चांगले. ‘आमच्याकडे सगळेच शिकवतात’ असे उत्तर आले, तर बहुधा कोणीच शिकवत नसते. सगळेच कामात बुडालेले असतात, आणि इंटर्न कोपऱ्यातल्या संगणकावर बसून संध्याकाळ होण्याची वाट पाहत असतो.

हे मी का म्हणते, ते एका छोट्या बातमीवरून सांगते. मी डेस्कवर असताना आमच्याकडे एक मुलगी इंटर्न म्हणून आली होती. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात महापालिकेची नेहमीची प्रेसनोट पडली: पर्वती जलकेंद्रातील विद्युत व स्थापत्यविषयक देखभाल-दुरुस्तीच्या कामांमुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल आणि खाली भागांची भलीमोठी यादी. पुण्यात राहणाऱ्यांना ही भाषा पाठ असते. तिने बातमी लिहिली ती अशी सुरू होत होती: ‘पर्वती जलकेंद्र येथील तातडीच्या देखभाल-दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असल्याचे महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातर्फे प्रसिद्धिपत्रकाद्वारे कळविण्यात आले आहे.’ व्याकरणात काही चूक नव्हती.

आमच्या मुख्य उपसंपादकांनी तिला शेजारी बसवले आणि विचारले, ‘तुमच्या घरी आईला हे कसं सांगाल?’ ती म्हणाली, ‘गुरुवारी पाणी नाही, म्हणून सांगेन.’ ‘मग तेच लिहा.’ पहिले वाक्य झाले: ‘शहराच्या मध्य भागात गुरुवारी पाणी येणार नाही.’ दुसरे झाले: ‘शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येईल.’ जलकेंद्र आणि दुरुस्ती तिसऱ्या वाक्यात गेली. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: ‘गुरुवारी पहाटेचं पाणी येणार की नाही? लोकांनी बुधवारी रात्रीच भरून ठेवायचं का?’ प्रेसनोटमध्ये ते नव्हते. तिने कनिष्ठ अभियंत्याला फोन लावला, तो तिसऱ्यांदा लागला, आणि काही भागांत पहाटेचे पाणी येऊन मग पुरवठा बंद होणार असल्याचे कळले. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर सिंगल कॉलम बातमी लागली. नाव अर्थातच नव्हते. पण प्रेसनोट म्हणजे बातमीचा कच्चा माल असतो आणि वाचकाला लागणारी गोष्ट बऱ्याचदा त्यात नसतेच, हे तिला पंचवीस मिनिटांत कळले. वर्गात मी हे दोन तासिका घेऊन शिकवते आणि तरीही ते तितके कळत नाही.

त्या पंचवीस मिनिटांत महत्त्वाची गोष्ट घडली ती एवढीच, की एका अनुभवी माणसाने आपले काम थांबवून तिची कॉपी, म्हणजे तिने लिहिलेली बातमी, तिच्यासमोर दुरुस्त केली. दैनिक मोठे होते की छोटे, याने त्यात काहीच फरक पडला नसता.

आता चॅनलबद्दल. डिजिटल विभागातला इंटर्न साधारणपणे काय करतो, तर दुसऱ्यांच्या बाइट (कॅमेऱ्यासमोरची छोटी वक्तव्ये) ऐकून उतरवून काढतो, बातम्यांना शीर्षके सुचवतो, थंबनेलवरचा मजकूर लिहितो, लांब व्हिडिओतून छोटे तुकडे कापतो आणि ते चढवतो. यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वेग अंगात मुरतो, रनडाउन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम, कसा बदलत जातो ते दिसते, पीसीआरमध्ये (प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात) मागे उभे राहू दिले तर बुलेटिन डोळ्यांसमोर रचले जाताना पाहता येते. अडचण अशी, की या साखळीत इंटर्नचे काम पुढे सरकते, मागे फिरत नाही. तुम्ही सुचवलेले शीर्षक कोणीतरी बदलतो आणि का बदलले हे सांगायला त्याच्याकडे वेळ नसतो.

माझी एक चूक इथे कबूल करते. या कामात नवी असताना मी एका वाहिनीकडे एकदम सहा मुले पाठवली, तिथे स्वतः जाऊन न पाहता. नाव मोठे होते, पालक खूश होते, महाविद्यालयाच्या पत्रकात छापायलाही बरे होते. सहा आठवड्यांनी मुले परत आली तेव्हा सहाही जणांच्या अहवालात तोच मजकूर होता आणि सहाही प्रमाणपत्रांवर नाव सोडून बाकी अक्षर अन् अक्षर सारखे होते. दाखवण्यासारखे काम एकाकडेही नव्हते. त्यातला एक जण मला म्हणाला, ‘मॅडम, मी चांगला टायपिस्ट झालो.’ तेव्हापासून नव्या ठिकाणी मी आधी स्वतः जाऊन येते आणि एका ठिकाणी दोनपेक्षा जास्त मुले पाठवत नाही.

तरीही मुंबई घ्यावी अशी परिस्थिती असू शकते. तुम्हाला लिहिण्यापेक्षा व्हिडिओ संकलनात किंवा निर्मितीत रस असेल, मुंबईत राहण्यासाठी नातेवाइकांचे घर असेल, आणि तिथल्या एखाद्या वरिष्ठाने ‘ही माझ्या हाताखाली काम करेल’ असे मेलवर लिहून दिले असेल, तर तीन महिन्यांचा तो अनुभव सोडू नका. यातली एकही गोष्ट नसेल, तर ३६ हजार रुपये खर्चून तुम्ही नेमके काय आणणार आहात, हा हिशेब घरच्यांसमोर बसून करा. फुकट काम करणे ज्यांना परवडते त्यांनाच या क्षेत्राचे दार उघडे राहते, ही या व्यवसायाची जुनी आणि लाजिरवाणी गोष्ट आहे. ती एकट्या तुमच्याने बदलणार नाही, पण म्हणून घरच्यांनी तिच्यासाठी कर्ज काढावे असेही नाही.

सोलापूरच्या कार्यालयाचे गुण-दोष वेगळे आहेत. जिल्हा कार्यालयात माणसे मोजकी असतात, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात तुम्हाला एकटीला कुठेतरी पाठवले जाईल. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, सिव्हिल हॉस्पिटल आणि बाजार समिती ही सगळी ठिकाणे एका दुचाकीच्या टप्प्यात असतात, आणि मुंबईत ज्या अधिकाऱ्याला गाठायला तीन चिठ्ठ्या पाठवाव्या लागतात, त्याच दर्जाचा अधिकारी इथे चहा पाजून बोलतो. विषयांना तर तोटा नाही. कांद्याची आवक वाढली की सोलापूरच्या बाजार समितीत दराचे काय होते, हे राज्यभरचे शेतकरी पाहत असतात. सत्र जानेवारीत सुरू होत असेल, तर संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वर यात्रा तुमच्या पहिल्याच आठवड्यांत येईल. नंदीध्वजांच्या मिरवणुकीवर दर वर्षी तीच बातमी लिहिली जाते, आणि त्यात नवीन काय लिहायचे हा नवशिक्यासाठी उत्तम अभ्यास आहे. शिवाय उजनी धरण जिल्ह्यात असूनही शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी मिळत आले आहे. वर सांगितलेली प्रेसनोट पुण्यात एका गुरुवारची गैरसोय असते. तुमच्या गावात पाण्याची पाळी एक दिवस पुढे गेली, तर घराघरांतले धुण्या-भांड्याचे वेळापत्रक कोलमडते. ती बातमी नीट लिहायला शिकलात, तर इंटर्नशिप वसूल झाली.

दोष असा, की छोट्या कार्यालयात संपादकीय आणि जाहिरात यांच्यामधली भिंत पातळ असते. ‘जरा या पुरवणीसाठी चार जाहिराती आणा’, ‘अमुक साहेबांच्या वाढदिवसाचा मजकूर लिहून द्या’ असे सांगितले जाण्याची शक्यता आहे. एकदा वाढदिवसाचा मजकूर लिहिल्याने कोणी बिघडत नाही, उलट त्यामागचे अर्थकारण कळते. पण दोन महिने तेच करायला लावले, तर महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांना पहिल्या पंधरवड्यातच कळवा, शेवटच्या दिवशी नको. दुसरा धोका असा, की कार्यालयप्रमुख स्वतःच दिवसभर बाहेर असतो आणि कॉपी थेट मुख्यालयाच्या डेस्कला जाते. मग तुमची बातमी कोणी बदलली, काय बदलले हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी पेपर उघडल्यावरच दिसेल. असे होत असेल तर आपली मूळ कॉपी आणि छापलेली बातमी शेजारी ठेवून स्वतःच फरक शोधायचा. तपासणारा माणूस मिळाला नाही, तर तेवढा एक उपाय आपल्या हातात असतो.

तासांचा हिशेब बऱ्याच विद्यार्थ्यांचा चुकतो. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार लागू झालेल्या रचनेत पदवीच्या सहाव्या सत्रात कार्यानुभवाला ४ क्रेडिट आहेत आणि १ क्रेडिट म्हणजे ३० तास धरले जातात. तुमचे १२० तास तिथून आले. रोज सहा तास धरले तर हे वीस दिवसांत संपतात, आणि वीस दिवसांत वृत्तकक्षातल्या माणसांना तुमचे नाव जेमतेम पाठ होते. माझ्या अनुभवात पहिले दोन आठवडे ओळखीत जातात आणि खरे काम तिसऱ्या आठवड्यापासून मिळते, म्हणून तास पूर्ण झाले तरी सहा ते आठ आठवडे राहावे. बाकी तपशील मात्र महाविद्यालयागणिक बदलतात: संस्था आधी मंजूर करून घ्यावी लागते का, घरून केलेले काम धरतात का, तासांच्या नोंदीवर कोणाची सही चालते. हे सगळे आपल्या समन्वयकांना विचारून लेखी घ्या. काम आधी करून मंजुरी नंतर मागणाऱ्या मुलांची दर वर्षी धावपळ होते.

विद्यावेतनासाठी सरकारी योजनेचा उपयोग होईल का, असेही तुम्ही विचारले आहे. त्यावर विसंबू नका. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना या दोन्ही २०२४ मध्ये आल्या, पण तेव्हाच्या नियमांनुसार शिक्षण सुरू असलेल्या नियमित विद्यार्थ्यांसाठी त्या नव्हत्या. पदवीनंतर विचार करा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची अ‍ॅप्रेंटिसशिप हाही वेगळा प्रकार आहे. तिथे करार होतो आणि विद्यावेतन बंधनकारक असते. तुमच्या इंटर्नशिपमध्ये पैसे मिळणे हा संस्थेशी बोलून ठरवायचा विषय आहे. ४ हजार ही रक्कम छोटी असली, तरी तिचा एक फायदा मी पाहिला आहे. ज्या मुलाला संस्था थोडेही पैसे देते, त्याच्याकडून काम करून घ्यायची तिला आठवण राहते.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, कारण मुली हे विचारायला संकोचतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू होतो, मग पगार मिळो वा न मिळो. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून छोट्या ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. जिल्हा कार्यालयात माणसे कमी असतील, तर तक्रार मुख्यालयाच्या समितीकडे करायची की स्थानिक समितीकडे, हे आधी विचारून घ्या. पहिल्या दिवशी समितीवर कोण आहे हे विचारण्यात गैर काही नाही. रात्रपाळीचा आग्रह झाला, तर घरी सोडण्याची व्यवस्था काय, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका. पान सुटेपर्यंत, म्हणजे ते छपाईला जाईपर्यंत, डेस्कवर थांबण्याची हौस मलाही होती, पण त्यासाठी इंटर्नशिपचे सगळे दिवस रात्री काढायची गरज नाही, एक-दोनदा पाहिले तरी पुरते.

परत येताना काय आणायचे, हे जायच्या आधी ठरवा. छापून आलेल्या बातम्यांची कात्रणे किंवा ई-पेपरमधली पाने त्याच दिवशी उतरवून ठेवा, कारण दुवे वर्षभरात चालेनासे होतात. न छापलेल्या, परत आलेल्या किंवा अर्ध्यावर राहिलेल्या बातम्याही ठेवा. मी मुलाखत घ्यायला बसते तेव्हा मला त्याच जास्त उपयोगी वाटतात, कारण ‘ही का लागली नाही?’ या प्रश्नाला मुलगा काय उत्तर देतो, त्यावरून तो तिथे खरोखर होता की नाही ते कळते. रोज रात्री वहीत पाच ओळी लिहा: आज कोणाशी बोलले, काय लिहिले, त्यात काय बदलले. अहवाल यातूनच तयार होतो. आजकाल अहवाल यंत्राकडून लिहून घेण्याची टूम आहे. ते ओळखायला फारशी हुशारी लागत नाही, कारण त्या अहवालांत कधीच कोणाचा फोन न लागल्याचे लिहिलेले नसते.

वाहिनी आणि दैनिक या दोन्हींखेरीज एक रस्ता मुलांना सुचत नाही, तो सामुदायिक रेडिओचा, म्हणजे एखाद्या परिसरातल्या लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या रेडिओ केंद्राचा. पुण्यात विद्यापीठाचे विद्यावाणी आहे. तुमच्या बाजूला, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. अशा केंद्रांना निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करावा लागतो, म्हणून माईक घेऊन गावात जाणारे हात त्यांना लागत असतात. आवाजात किंवा मुलाखतीत रस असेल, तर तिथे विचारून पाहायला हरकत नाही.

विचारताना मेल लांबलचक लिहू नका. ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत काम करण्याची सुवर्णसंधी’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे, की ते दिसले की पुढचे वाचवत नाही. त्यापेक्षा असे लिहा: ‘मी सोलापूरची आहे, शहरात फिरायला दुचाकी आहे, कन्नड समजते. जानेवारीपासून आठ आठवडे रोज सहा तास येऊ शकेन. सोबत पाणीप्रश्नावरची माझी एक बातमी जोडली आहे. माझी कॉपी कोण पाहील, हे कळवलेत तर बरे होईल.’ यातले तुम्हाला लागू असेल तेवढेच ठेवा. कन्नड किंवा तेलुगू समजत असेल तर ते जरूर लिहा, सोलापुरात त्याचा बातमीदाराला थेट उपयोग होतो.

आता तुमच्याबाबत माझा कल सोलापूरकडे आहे. पण फॉर्म भरण्याआधी एक काम करा. या आठवड्यात घरी गेलात की संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या कार्यालयात जा, कार्यालयप्रमुखांना सांगून कोपऱ्यातल्या खुर्चीवर दोन तास बसा आणि काही न बोलता पाहा. त्या वेळात बातमीदार परत येतात, कॉपी टाइप होते, मुख्यालयाचे फोन सुरू होतात. कोणी एखाद्या नव्या बातमीदाराला हाक मारून ‘हे असं का लिहिलंस?’ असे विचारताना दिसले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म भरून टाका. दोन तासांत सगळे आपापल्या मोबाइलमध्येच दिसले, तर मला पुन्हा लिहा, म्हणजे म्हसवडच्या केंद्राला काय आणि कसे विचारायचे ते सांगते.